वाचक विचारतात : पोर्तुगालच्या किनाऱ्यावर फुलं आणि पक्षी

प्रश्न : आम्ही दोघं कासची फुलं आणि मायणीचे पक्षी चुकवत नाही. आता पोर्तुगालच्या दक्षिणेला, अल्गार्व्हला जायचं म्हणतोय. मेच्या सुट्टीत आठ दिवस पुरतील का? (एक दांपत्य, सातारा)

उत्तर : दिवस पुरतील, पण महिना बदला. कासला पाऊस पावसाळ्यात, म्हणून बहर ऑगस्ट-सप्टेंबरला. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत, त्यामुळे मेअखेरीस रान वाळायला लागतं. मार्चचा शेवटचा आठवडा ते 15 एप्रिल हा काळ धरा. हिवाळ्यात आफ्रिकेत गेलेले वेडे राघूही याच सुमारास परततात.

मुक्काम दोनच ठेवा, एक ओल्याँवला आणि एक साग्रेशला. ओल्याँवहून फारोमार्गे लागुशपर्यंत रेल्वे आहे, पण साग्रेशला रेल्वे नाही. लागुशहून बस धरावी लागते.

ओल्याँवजवळच्या रिया फॉर्मोझाच्या खाजणात आपल्याकडची ‘पहाटे निघा’ ही सवय फसते. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक महत्त्वाचं. ओहोटीला चिखल्या, तुतारी असे पक्षी दूरवर चिखलात पांगतात आणि दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. भरती चढली की तेच पक्षी मिठागरांच्या बांधांवर दाटीनं येऊन बसतात. भरतीच्या दीड-दोन तास आधी जागा धरा, ऊन पाठीशी ठेवा. शेकाट्या आणि रोहित (फ्लेमिंगो) तिथेही आहेत. रिया फॉर्मोझा निसर्ग-उद्यानाच्या बोधचिन्हावर जांभळी पाणकोंबडी आहे, आपल्या पाणकोंबडीचीच भावकी.

ऑर्किडसाठी मात्र किनारा सोडून आत, रोशा द पेनाच्या चुनखडीच्या डोंगरावर जा. टॅक्सी परतीसकट ठरवा. तिथलं आरसा-ऑर्किड वीतभर उंच असतं. पाकळीच्या मध्यभागी चकचकीत निळा डाग आणि कडेला तपकिरी लव. गांधीलमाशीच्या नराला ती मादीच वाटते, आणि त्या फसगतीत परागीभवन उरकतं. फोटो गुडघे टेकूनच मिळतो. बसण्याआधी खाली दुसरी रोपं नाहीत ना, ते बघा. रस्त्याकडेचा पिवळाधमक आंबुशीसारखा गालिचा पाहून हुरळू नका, ते दक्षिण आफ्रिकेतून आलेलं तण आहे.

साग्रेशला वारा बेफाम. स्कोपच्या (एका डोळ्यानं बघायच्या मोठ्या दुर्बिणीच्या) तिपाईचे पाय पूर्ण लांब करू नका, नाहीतर चित्र थरथरतं. हातातली दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. विमा किमान 30,000 युरोचा हवा.

प्रश्न : शाकाहारी जेवण मिळेल? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मिळेल, पण ‘मांस नको’ एवढ्यावर थांबलात तर मासे येतील. ‘सें कार्न, सें पेइश’ असं दोन्ही सांगा. काल्दु व्हेर्द हे हिरव्या पानांचं सूप दिसायला साधं, पण त्यात बहुधा सॉसेजची चकती असते.