मार्क क्यूबनबद्दल तुमचे प्रश्न, आणि याहूच्या शेअरचं कुंपण

मागच्या वेळी मी मार्क क्यूबनचं नुसतं नाव घेतलं होतं, डल्लास मॅव्हरिक्स या अमेरिकन बास्केटबॉल टीमचा इतकी वर्षं मालक राहिलेला आणि 2025 पर्यंत अमेरिकेच्या शार्क टँकवर बसलेला माणूस म्हणून, तर प्रश्नांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पाच घेतले. मी सीए आहे, वीस वर्षं लोकांचे हिशेब बघून राहिलो, तेव्हा माझं बोलणं फिरून फिरून हिशेबावरच येणार.

प्रश्न : सर, मी इंजिनियरिंगच्या थर्ड इयरला आहे. मित्र म्हणून राहिले की क्यूबन म्हणजे शुद्ध नशीब, डॉटकॉमच्या लाटेत कंपनी विकली अन् अब्जाधीश झाला. खरं आहे का? (एक विद्यार्थी, हिंगणा रोड)

उत्तर : अर्धं खरं आहे. डल्लासमध्ये बसून आपल्या इंडियाना युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल मॅचेस ऐकायच्या होत्या, म्हणून 1995 ला टॉड वॅगनर या मित्रासोबत तो इंटरनेटवरून रेडिओ ऐकवणाऱ्या ऑडिओनेटमध्ये शिरला, पुढे तिचं नाव ब्रॉडकास्ट डॉट कॉम झालं, जुलै 1998 ला ती शेअर बाजारात आली आणि 1999 ला याहू या तेव्हाच्या बड्या इंटरनेट कंपनीने 5.7 अब्ज डॉलरला घेतली. काही वर्षांतच याहूने ती सेवा गुंडाळली. विकत घेणाऱ्याचा पैसा पाण्यात गेला आणि विकणाऱ्याला वेळ अचूक लाभली, इथवर तुझे मित्र बरोबर आहेत.

पण तो सौदा रोख नव्हता रे. याहूने पैसे दिलेच नाहीत, स्वतःचे शेअर दिले. त्या काळात अशा शेअरच्या जोरावर श्रीमंत झालेले खूप जण होते, आणि बाजार फुटल्यावर त्यातल्या बहुतेकांच्या हातात काही उरलं नाही. क्यूबनने काय केलं ते नीट समजून घे, कारण माझ्या मते त्याच्या सगळ्या करिअरमधलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच आहे, आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात.

काटोल-वरुडकडे ज्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत त्यांना हे पटकन कळेल. अंबिया बहाराची फळं झाडावर असतानाच व्यापारी बागेत येतो, सौदा ठरतो, बयाणा देतो. नंतर भाव चढला तर वरचा फायदा त्याचा, पण भाव पडला तर (व्यापारी शब्दाचा पक्का असेल तर) तुमची रक्कम ठरलेली. क्यूबनने याहूच्या शेअरचं असंच केलं. भाव कितीही पडू दे, 85 डॉलरला विकायचा हक्क त्याने विकत घेऊन ठेवला, याला पुट ऑप्शन म्हणतात, तो फुकट मिळत नाही, मग त्याचे पैसे उभे करायला 205 डॉलरच्या वरचा सगळा फायदा त्याने दुसऱ्याला विकून टाकला, तो कॉल. खाली कुंपण, वर छप्पर. या जोडीला बाजारात कॉलर म्हणतात.

जानेवारी 2000 मध्ये याहूचा शेअर 205 च्याही वर गेला. त्या दिवसांत हा माणूस घाट्यात गेला असंच बघणाऱ्याला वाटलं असणार. आणि सप्टेंबर 2001 मध्ये? मधे याहूने एका शेअरचे दोन केले होते, पण त्या दोघांची किंमत मिळूनही 20 डॉलरच्या आत आली होती. 85 चं कुंपण नसतं तर आज आपण त्याचं नाव घेत नसतो.

माझ्याकडे एक क्लायंट होते, 2007 च्या शेवटी त्यांच्या शेअर्समध्ये इतकं जमा होतं की पोरीचं लग्न आणि मनीषनगरचा फ्लॅट दोन्ही निघाले असते. मी म्हटलं काका अर्धे विका. ते म्हणाले थोडं अजून चढू द्या ना. 2008 मध्ये बाजार पडला, लग्न कर्ज काढून झालं, फ्लॅट झालाच नाही. तेव्हापासून मी कोणालाही क्यूबनची गोष्ट सांगताना 5.7 अब्जापासून सुरू करत नाही, 85 पासून करतो.

प्रश्न : भाऊ, इतवारीत आमचं होलसेलचं दुकान आहे. क्यूबनला पहिल्या धंद्यात स्वतःच्याच माणसाने लुटलं होतं म्हणतात, काय झालं होतं? आमच्याकडेही तसंच काही होऊन राहिलं असा डाऊट आहे. (एक दुकानदार, इतवारी)

उत्तर : 1982 ला तो डल्लासला आला तेव्हा पाच पोरांसोबत एका फ्लॅटमध्ये जमिनीवर झोपायचा. सॉफ्टवेअर विकणाऱ्या दुकानात सेल्समन लागला, वर्षाच्या आत नोकरी गेली, कारण सकाळी दुकान उघडायचं सोडून तो गिऱ्हाइकाकडे सौदा पक्का करायला गेला. मग स्वतःची मायक्रोसोल्युशन्स काढली, ऑफिसांमध्ये कॉम्प्युटर जोडून द्यायचे, सॉफ्टवेअर बसवून द्यायचं. रात्री बसून मॅन्युअलं वाचायची आणि सकाळी गिऱ्हाइकाला शिकवायचं, हे त्याचं भांडवल.

तर सुरुवातीच्याच काळात बँकेत कंपनीचे 84 हजार डॉलर होते, त्यातले 82 हजार ऑफिसमध्येच बसणाऱ्या बाईने नेले. सप्लायर लोकांच्या नावाने काढलेल्या चेकवर व्हाइटनर मारून तिने स्वतःचं नाव टाकलं. तरी कंपनी उभी राहिली, आणि 1990 ला कॉम्प्युसर्व्हने 60 लाख डॉलरला घेतली.

तुम्हाला एवढंच सांगतो, मुनिमावर संशय आहे म्हणून त्याच्याशी भांडू नका. बँकेचा मेसेज तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर येतो की त्याच्या, ते आधी बघा. चेक लिहिणारा आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवणारा माणूस एकच असेल तर आजच वेगळे करा. यात अपमान कोणाचा नाही, प्रामाणिक मुनीमही यामुळे सुरक्षित राहतो.

प्रश्न : गांधीबागला माझं औषधाचं दुकान आहे. क्यूबन 15 टक्क्यांवर औषधं विकतो म्हणतात. आम्ही तर त्याच्या आसपासच कमावतो, मग त्याचं एवढं कौतुक काहून? (एक औषध विक्रेते)

उत्तर : तुमचा राग मला समजतो आणि प्रश्न एकदम योग्य आहे. कॉस्ट प्लस ड्रग्ज ही त्याची ऑनलाइन औषध कंपनी जानेवारी 2022 ला सुरू झाली. हिशेब उघडा: खरेदीची किंमत, त्यावर 15 टक्के, फार्मसीचे 5 डॉलर आणि वर पोस्टेज. भारतात यात नवल काही नाही. अमेरिकेत होतं, कारण तिथे औषध कंपनी आणि पेशंट यांच्या मधे विम्याचे दलाल बसलेले आहेत आणि खरा भाव कोणालाच दिसत नाही. रक्ताच्या कॅन्सरवरचं इमॅटिनिब घ्या, तिथल्या दुकानात महिन्याचे 9 हजार डॉलरच्या वर लागायचे, क्यूबनने ते सुरुवातीलाच 47 डॉलरला ठेवलं.

आपल्याकडे याच औषधाची लढाई आधीच लढून झाली होती. इमॅटिनिब ग्लिव्हेक या ब्रँडने विकणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीने पेटंटसाठी प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं आणि 1 एप्रिल 2013 ला कोर्टाने ते नाकारलं. तेव्हा ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता आणि जेनेरिक साधारण दहा हजारांच्या आत मिळत होतं. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलबाहेर फाइल घेऊन बसलेल्या, गडचिरोली-गोंदियाहून आलेल्या लोकांसाठी त्या निकालाचा अर्थ काय होता हे तुमच्याएवढं कोणाला माहीत असणार.

पण एक गोष्ट क्यूबनकडून घेण्यासारखी आहेच. आपल्याकडे डॉक्टर ब्रँड लिहितो, आणि कितीतरी जेनेरिक पाकिटांवर एमआरपी खरेदीच्या कितीतरी पट छापलेली असते, पेशंटला कळतच नाही की खरी किंमत काय. जनऔषधी केंद्रं 2008 पासून आहेत तरी हा अंधार गेला नाही. तुम्ही बीपी-शुगरच्या रोजच्या दहा औषधांचे खरेदीभाव आणि तुमचा टक्का दुकानात बोर्डावर लिहून लावला तर? मला मनापासून वाटतं की लोक तुमचं दुकान सोडणार नाहीत.

प्रश्न : तुम्ही त्याचं इतकं चांगलं सांगता, पण त्याच्या टीमच्या ऑफिसमध्ये बायकांचा छळ झाला होता ना? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : हो ताई, झाला होता. फेब्रुवारी 2018 मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या मासिकाने ते बाहेर काढलं, वर्षानुवर्षं मॅव्हरिक्सच्या ऑफिसात बायकांना त्रास होत होता. आरोप क्यूबनवर व्यक्तिशः नव्हते, पण मालक तोच होता आणि सगळं लक्ष त्याचं खेळाकडे होतं. टीम ज्या लीगमध्ये खेळते त्या एनबीएला स्वतःच्या नियमाने जास्तीत जास्त 25 लाख डॉलर दंड करता येत होता, त्याने महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना 1 कोटी डॉलर दिले आणि सिंथिया मार्शल यांना सीईओ म्हणून आणलं. चूक कबूल केली, हे मी मानतो. पण जो माणूस रेफरीच्या एकेका निर्णयावर नजर ठेवतो आणि त्यावरून 5 लाख डॉलरचा दंडही भरतो, त्याला स्वतःच्या ऑफिसात काय चाललंय ते दिसू नये, याला मी माफ करत नाही. आपल्याकडे दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तर 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे. माझ्या कित्येक क्लायंटकडे ती फक्त फाइलमध्ये आहे, आणि मी दर वर्षी त्यांना टोकतो.

प्रश्न : दादा, आम्ही चौघं मित्र मिळून आमच्या भागातल्या टेनिस बॉल लीगमध्ये टीम घेऊन राहिलो. क्यूबनने टीममधून किती कमावलं? आणि लुका डॉन्चिचला त्याने काहून जाऊ दिलं? (नंदनवनचा एक वाचक)

उत्तर : टीम त्याने जानेवारी 2000 ला 28.5 कोटी डॉलरला घेतली, रॉस पेरो ज्युनियरकडून. त्याआधीची मॅव्हरिक्स म्हणजे 1992-93 मध्ये 82 पैकी 11 मॅच जिंकलेली टीम. क्यूबन स्वतः तिकीट काढून बघणारा फॅन होता, मालक झाल्यावरही टी-शर्ट घालून बेंचजवळ बसायचा. खेळाडूंच्या लॉकररूमपासून विमानापर्यंत सगळं बदललं, डर्क नोवित्झकी हा स्टार खेळाडू आधीपासून होताच, त्याच्याभोवती टीम बांधली. 2006 ला फायनलमध्ये मायामीविरुद्ध 2-0 ने पुढे असून 4-2 ने हरले. ते दुखणं पाच वर्षं उरात होतं. 2011 ला त्याच मायामीला, आता लेब्रॉन जेम्स असलेल्या मायामीला, 4-2 ने हरवून पहिली ट्रॉफी आणली. शिवाजीनगरच्या बास्केटबॉल ग्राउंडवर संध्याकाळी जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी ती सीरिज सकाळी सकाळी उठून बघितली आहे, डर्कचा एका पायावर मागे झुकून मारलेला शॉट नंतर कितीतरी दिवस पोरं मारून बघत होती.

डिसेंबर 2023 मध्ये त्याने बहुतांश हिस्सा अ‍ॅडेलसन-ड्युमाँट कुटुंबाला विकला, टीमची किंमत साधारण साडेतीन अब्ज डॉलर धरून, आणि 27 टक्के स्वतःकडे ठेवले. तेव्हा सगळीकडे सांगितलं गेलं की खेळाचे निर्णय त्याच्याकडेच राहतील. 2024 ला टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू लुकाने टीमला फायनलपर्यंत नेलं. आणि फेब्रुवारी 2025 च्या सुरुवातीला एका रात्रीत लुका लेकर्स या दुसऱ्या टीमला गेला, बदल्यात अँथनी डेव्हिस आला, क्यूबनच्या हातात काही नव्हतं. त्याने जाऊ दिलं नाही, त्याला विचारलंच नाही. ज्या माणसाने 85 डॉलरचं कुंपण घातलं होतं त्याचंच इथे कुंपण राहून गेलं, कारण शेवटचा शब्द कोणाचा हे बहुमताच्या मालकीवर ठरतं, 27 टक्क्यांवर नाही. मला त्या रात्रीचं खूप वाईट वाटलं, खरं सांगतो.

तुम्ही चौघं मित्र आहात, म्हणूनच कागद करा. पैसे कोणाचे किती, ऑक्शनला खेळाडू कोण निवडणार, दोघं एका बाजूला आणि दोघं दुसऱ्या बाजूला पडले तर कोणाचं चालणार, एकाला बाहेर पडायचं असेल तर त्याचा हिस्सा कोण कितीला घेणार. दोन पानांत होतं, स्टॅम्प पेपरवर घ्या. एन्ट्री फी भरायच्या आधी घेऊन या, शनिवारी दुपारपर्यंत मी ऑफिसलाच असतो.