पहिल्या दौऱ्याआधी

अल्बम नसताना दौरा कशाला, असं विचारतोस. अरे, वॉशिंग्टनच्या फुगाझी या पंक रॉक बँडचे कार्यक्रम 1987 मध्ये सुरू झाले, पहिली रेकॉर्ड आली 1988 मध्ये. 2002 पर्यंत त्यांनी हजारावर कार्यक्रम केले. मॅनेजर नाही, तिकीट बहुतेक 5 डॉलरच्या आसपास, लहान पोरांनाही प्रवेश. खर्च आटोक्यात होता म्हणूनच हे जमलं. तूही आधी डिझेल आणि जेवणाचा हिशोब मांड, टी-शर्टची डिझाइनं नंतर.

मानधन सामान गाडीत चढवण्याआधी मोजून घे. आम्हाला एका आयोजकाने ‘उद्या देतो’ म्हणून सांगितलं, तो उद्या अजून उगवायचाय. गिटारच्या दोन केबल जास्तीच्या ठेव. रात्री ड्रमरला गाडी चालवायला देऊ नकोस, बिचाऱ्याचे हात आधीच गेलेले असतात. पंधराच लोक आले? सहा महिन्यांत त्याच गावी परत जा.