बजेट झाल्यावर अर्ज देऊन काय उपयोग?

ह्या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे प्रश्न मिळून बहुतेक एकाच गोष्टीचे आले, नगरपंचायतीचा नाहीतर ग्रामपंचायतीचा पैसा कुठं जाणार ते कोण ठरवतं अन् आपल्याला त्यात बोलता येतं का. त्यातले चार घेतले.

प्रश्न: आमच्या गावाची नगरपंचायत झाली. आमच्या ले-आऊटमध्ये नाली नाही, पावसाळ्यात पाणी सरळ अंगणात येते. मागच्या एप्रिलमध्ये पंचवीस जणांच्या सह्या घेऊन अर्ज दिला तर साहेब म्हणे बजेट झालं, आता पुढच्या साली पाहू. ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभेत भांडता तरी येत होतं, आता तेही गेलं. करावं काय? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: भाऊ, साहेब खोटं नाही बोलले, अर्धंच बोलले. आर्थिक वर्ष १ एप्रिलला लागतं, बजेट त्याच्या आधीच सभेत मंजूर झालेलं असतं, आणि सभेत यायच्या आधी ते ऑफिसात अकाउंटंट अन् इंजिनिअरच्या टेबलावर तयार होत असतं. म्हणजे दिवाळी झाली की संक्रांतीपर्यंतचा काळ धरा, तुमचा अर्ज तेव्हा त्या टेबलावर पाहिजे. एप्रिलमधला अर्ज म्हणजे पंगत उठल्यावर पत्रावळ घेऊन बसणं.

मी स्वतः ह्याच्यात तोंडावर पडलो आहे म्हणून सांगतो. पहिल्यांदा अर्ज दिला तेव्हा लिहिलं होतं, "आमच्या वॉर्डाचा सर्वांगीण विकास करावा", खाली चाळीस सह्या. इंजिनिअरनं वाचलं आणि शांतपणे विचारलं, "सर्वांगीण म्हणजे किती मीटर?" लय राग आला होता, पण माणूस बरोबर बोलला राजेहो. घरी आलो, शेजारच्या मिस्त्रीचा टेप घेतला, हापशीपासून मागच्या नाल्यापर्यंत मोजलं तर ६४ मीटर निघालं, दोन्ही बाजूनं घरं १९. दुसरा अर्ज चार ओळींचा गेला आणि त्याचं इस्टिमेट निघालं. नाली व्हायला अजून दीड वर्ष गेलं ते वेगळं.

तर तुमच्या अर्जात कुठून कुठपर्यंत, किती मीटर, किती घरं, हे लिहा आणि मुख्य म्हणजे पाणी शेवटी सोडायचं कुठं तेही लिहा, कारण नाली सगळ्यांना पाहिजे असते पण तिचं तोंड आपल्या घराकडं कोणालाच नको असते, काम तिथंच अडतं. पाणी साचलेल्या दिवसांतला फोटो जोडा. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं, एक प्रत तुमच्या नगरसेवकाला (नगरपंचायतीत १७ वॉर्ड, वॉर्डाला एक, तेव्हा तुमचा कोणता ते शोधायला त्रास नाही), आणि झेरॉक्सवर शिक्का अन् आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. प्रशासक बसलेला असेल तर नगरसेवकाचा विषयच नाही, मग मुख्याधिकाऱ्यांनाच दोनदा भेटा.

ले-आऊट एनए (बिगरशेती) झालेला आहे का आणि त्यातले रस्ते नगरपंचायतीकडं हस्तांतर झाले का तेही आधीच बघून ठेवा, नाहीतर "जागा आमची नाही" एवढंच उत्तर हाती येते.

एक गोष्ट ध्यानात घ्या, नगरपंचायतीचा स्वतःचा पैसा म्हणजे घरटॅक्स, पाणीपट्टी, आठवडी बाजाराचा ठेका, ह्यातून पगार अन् लाईटबिल निघालं तरी पुष्कळ. मोठी कामं वित्त आयोग, नगरोत्थान, दलित वस्ती अशा निधीतून होतात आणि त्यातला बराच पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो, जिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. म्हणून ऑफिसात विचारताना "नाली कधी होणार" असं नका विचारू, "हे काम कोणत्या हेडमध्ये टाकता", म्हणजे कोणत्या निधीतून करता, असं विचारा. बोलण्याचा सूरच बदलतो समोरच्याचा.

प्रश्न: ग्रामसभेत आम्ही बाया जातो, मागं बसतो, सही करतो, येतो. अंगणवाडीला साधा संडास नाही, पण गावाच्या तोंडावर कमान उभी राहिली. बायांसाठी वेगळा पैसा असते म्हणतात, खरं का? (एक ताई, वाशीम जिल्हा)

उत्तर: खरं आहे ताई. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. समजा तुमच्या गावाचं घरटॅक्स-बिरटॅक्स धरून वर्षाचं उत्पन्न ४ लाख आहे, तर ४० हजार तुमचे. फार नाही. पण तुमच्या अंगणवाडीचा संडास ह्या ४० हजारात ओढायची गरज नव्हती, कारण २०२१ ते २६ ह्या काळातल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती, कमान त्यात बसत नव्हती अन् संडास बसत होता. तुमच्या गावानं त्यात काय धरलं होतं ते ई-ग्रामस्वराज वेबसाईटवर दिसते, लॉगिन लागत नाही, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत अन् वर्ष निवडलं की कामाची नावं आणि रकमा येतात. घरातल्या बारावीच्या पोरीला बसवा, दहा मिनिटाचं काम आहे. आणि पाहिल्यावर ओरडू नका, फोटो काढून ठेवा.

आता ग्रामसभेचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते आणि तिथला ठराव ग्रामसभेपुढं ठेवायचा असतो. बऱ्याच गावात ही सभा फक्त रजिस्टरमध्ये होते, रजिस्टर घरोघर फिरते अन् सह्या होतात. सही करायच्या आधी विचारा, सभा कुठं आहे? एवढं एकच वाक्य, दुसरं काही नको.

दुसरी अडचण म्हणजे वेळ. पुढच्या वर्षाचा आराखडा, ज्याला आमचा गाव आमचा विकास म्हणतात, तो २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून डिसेंबरपर्यंत तयार होतो. आणि आपल्याकडं ह्याच तीन महिन्यात काय असते? सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. बाया सकाळी सातला वावरात अन् ग्रामसभा अकरा वाजता. मग कोरम भरत नाही (मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, ह्यातलं जे कमी असेल ते), सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही, म्हणजे बारा माणसं बसून गावाचा वर्षाचा आराखडा ठरवतात आणि ते कायद्यानं बरोबर असते. कोणी काही चोरलेलं नसते, आपणच नव्हतो. म्हणून सप्टेंबरमध्येच बचत गटाच्या लेटरहेडवर ग्रामसेवकाला लिहून द्या की सभा संध्याकाळी लावा. आणि बोलायला उठाल तेव्हा विषय बोलून खाली बसू नका, ठराव प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या नोंदवहीत) लिहिला का आणि काय लिहिला, ते तिथंच वाचून दाखवायला लावा. प्रोसिडिंगमध्ये जे नाही ते ग्रामसभेत झालंच नाही असं धरा.

प्रश्न: मुलगा पुण्याला आहे, तो म्हणतो तिथं नागरिक फॉर्म भरून बजेटमध्ये काम टाकतात. आपल्याकडं का नाही? (निवृत्त शिक्षक, वर्धा जिल्हा)

उत्तर: मुलगा बरोबर सांगतो सर. पुणे महापालिकेनं २००६ पासून हे सुरू केलं, वॉर्ड ऑफिसात फॉर्म द्यायचा, फूटपाथ, बाकडे, दिवे अशी ५ लाखांपर्यंतची कामं सुचवायची. ही कल्पना मूळची ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, तिथं १९८९ मध्ये सुरू झाली. पुण्यातही सगळ्यांनी सुचवलेलं सगळं होते असं नाही. आपल्याकडच्या नगरपंचायतीत तसा फॉर्म नसतो, पण असा फॉर्म काढू नका असंही कुठं लिहिलेलं नाही, सभेनं ठराव केला की झालं. तुमच्यासारख्या निवृत्त लोकांकडं वेळ असते अन् गावातले अर्धे नगरसेवक तुमचेच विद्यार्थी असतील, बोलावून घ्या एकदा चहाला.

आणि पुण्याचं कशाला, गडचिरोलीत धानोऱ्याजवळचं मेंढा (लेखा) बघा, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. तिथं मतदान करून नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसून ठरवतात, मग एका विषयाला कितीही बैठका लागोत. आपल्याकडं एक ग्रामसभा पाऊण तासात उरकते, त्यात पंधरा मिनिटं सरपंचाची वाट पाहण्यात.

प्रश्न: आमच्या ग्रामपंचायतीचं बजेट बघायला मागितलं तर म्हणे गोपनीय आहे. (तरुण वाचक, बुलडाणा जिल्हा)

उत्तर: गोपनीय काही नाही. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक म्हणजे नमुना १, घरटॅक्सचा जसा नमुना ८ तसा हा. तोंडी देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा, साध्या कागदावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, दारिद्र्यरेषेखालचे असाल तर तेही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते, झेरॉक्सचे पानाला २ रुपये. पण मागताना एका वर्षाचा नका मागू, तीन वर्षांचे नमुना १ मागा आणि शेजारी शेजारी ठेवून एकच बघा, मागच्या साली अंदाज किती होता आणि खर्च खरंच किती झाला. हापशी दुरुस्तीला दरवर्षी ५० हजार धरलेले अन् खर्चाच्या रकान्यात दरवर्षी शून्य, असं काही सापडलं तर तो कागद घेऊन ग्रामसभेला जा, भाषणाची गरज पडत नाही. आणि हो, अर्जात "संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहू नका, नाहीतर तुमचाही सर्वांगीण विकास होईल.