जुनं घर पाडताय? आधी हे वाचा

मे महिन्यात आलेले प्रश्न चाळले तर निम्म्याहून जास्त चाकरमान्यांचे निघाले. पंधरा दिवसांची सुट्टी, आंबे-फणस खाऊन झाले की नजर आढ्याकडे जाते आणि मग संध्याकाळी ओटीवर बसून "आता पाडूया नि नवीनच बांधूया" सुरू होतं. त्यातले चार प्रश्न घेतलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण तिथली चूक नंतर निस्तरता येत नाही.

नमस्कार सर, आमचं गुहागर तालुक्यात आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं कौलारू घर आहे, समुद्र पावलांनी मोजला तर शंभर-सव्वाशे मीटरवर. आम्ही तिघे भाऊ मुंबईला. ते पाडून दोन मजली बांधायचं आणि वरच्या चार खोल्या होमस्टेला द्यायच्या असं चाललंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जुनं घर आहेच तर परवानगीचं टेन्शन नाही, पावसाच्या आधी पाडून जोतं काढून ठेवतो, ग्रामपंचायतीचं मी बघतो. करू का?

नको. बाकीचं सावकाश वाचा, पण आज त्याला फोन करून थांबवा.

एवढ्या अंतरावर म्हणजे तुम्ही सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेल्या किनारा नियमन क्षेत्रात आहात. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केलेत, २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवीन बांधकामाला बंदी असलेला पट्टा, त्याहून कमी असेल तर २०० मीटर. आपल्याकडच्या वाड्या विरळ, त्यामुळे तुम्ही २०० वालेच धरून चला, आणि आधीच्या २०११ च्या अधिसूचनेतही तुमच्यासारख्या गावाला २०० च होते, म्हणजे कुठूनही बघा, घर पट्ट्याच्या आतच.

या पट्ट्यात आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जुना एफएसआय (जागेच्या मानाने एकूण बांधकाम किती ते प्रमाण), जुन्या जोत्याचं क्षेत्रफळ आणि घनता ओलांडायची नाही. वर मजला चढवला की एफएसआय वाढलाच ना, मग तुमच्या चार खोल्या तिथेच अडकल्या. होमस्टेचं म्हणाल तर सीआरझेडमध्ये ती कल्पनाच अशी आहे की स्थानिक माणसाने आहे त्याच घरात, जोतं, डिझाइन, दर्शनी भाग काही न बदलता पाहुणे ठेवायचे. नवीन बिल्डिंग बांधून तिला होमस्टे नाव देणं हे त्यात बसत नाही, बोर्ड कितीही मोठा लावा.

आता खरा मुद्दा. "असलेलं घर" हा शब्द तुमच्या बाजूचा आहे, पण घर पाडलंत की ते असलेलं राहत नाही, राहतो फक्त कागद, आणि कागद नसेल तर तुम्ही मोकळ्या जागेवर नवीन बांधकाम करताय असंच धरलं जातं. म्हणून पाडायच्या आधी घर कागदावर आणा. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना ८, जितका जुना मिळेल तितका, कारण किनाऱ्यावरचं हे सगळं प्रकरण १९ फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेपासून सुरू होतं आणि घर त्याच्या आधीचं आहे हे दाखवता आलं तर निम्मी लढाई तिथेच संपते. आजोबांच्या नावाच्या घरपट्टीच्या पावत्या, जुनी लाइट बिलं, सातबारा, मोजणीचा नकाशा हे सगळं एका फाइलमध्ये लावा, नि चारी बाजूंनी, आतून, पडवीपासून परसापर्यंत तारखेसकट फोटो काढा, मग परवानाधारक इंजिनीअरकडून मोजमापाचा नकाशा करून घ्या.

मी हे शहाणपणा म्हणून सांगत नाही, आमच्याच घरी हे झालंय. मागची पडवी वाळवीने खाल्ली म्हणून वडिलांनी एका रविवारी गडी लावून पाडली, फोटो नाही, काही नाही, नंतर उतारा काढला तर त्यात पडवीची लांबी-रुंदीच चढवलेली नव्हती आणि नव्या नकाशात ती धरायला कोण तयार होणार. इंजिनीअर मी, तेही घरचाच, आणि पडवी गेली.

अंतर पावलांनी मोजू नका, लाट कुठवर येते त्यावरही नाही. मंजूर किनारा नकाशावरच्या भरतीरेषेवरून ते ठरतं आणि १:४००० च्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर बसवून बघावा लागतो. आणि "ग्रामपंचायतीचं मी बघतो" याला काही अर्थ नाही. ग्रामपंचायत सीआरझेड माफ करू शकत नाही, घरपट्टी लावली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असंही नाही. उद्या एमआरटीपी या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे अनधिकृत बांधकाम काढायची नोटीस आली तर ती तुम्हा तिघा भावांच्या नावाने येईल, कॉन्ट्रॅक्टर तोवर दुसऱ्या गावात स्लॅब टाकत असेल.

माझं मत विचाराल तर जोतं तेच ठेवा, भिंती तपासा, छप्पर नवीन घ्या. चांगला चिरा असेल तर ती भिंत आपल्या सगळ्यांना पुरून उरेल.

राजापूरकडे आमचं कौलारू घर दरवर्षी गळतं. शाकारायला आता माणसं मिळत नाहीत. सगळे म्हणतात कौलं काढा, रंगीत पत्रा टाका. वहिनी म्हणते स्लॅब टाका. दादा, तुम्ही काय म्हणता?

ताई, आधी गळतंय कुठून ते बघा. कौल स्वतःहून फार कमी गळतं, वासा वाकलेला असतो, रीप कुजलेली असते, कोन्याखालचा (आढ्यावरच्या कौलाखालचा) माल तडकलेला असतो, आणि दोन पाखी जिथे एकमेकांना मिळतात तिथल्या पन्हळीत पाला साचून पाणी मागे फिरतं. एप्रिलमध्ये एकदा वर चढून एवढं केलं तरी बरंच भागतं.

पत्र्याला मी सरसकट नाही म्हणत नाही, पण निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात पत्रे किती लांब जाऊन पडले ते लोकांनी बघितलंय. कौल उडालं तर एक-एक उडतं, पत्रा उडाला तर अख्खं पाखं उघडं. खाऱ्या हवेत पत्र्याच्या आधी त्याचे हूक आणि स्क्रू गंजतात, आणि उडायची सुरुवात तिथूनच होते. शिवाय दुपारची भट्टी आणि पावसाचा आवाज, टीव्हीचा व्हॉल्यूम किती वाढवणार!

स्लॅब तर जुन्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या भिंतीवर मुळीच टाकू नका, ते वजन त्या भिंतीसाठी नाही. वहिनींना माझं नाव सांगा.

मधला रस्ता म्हणजे खाली पत्रा आणि त्याच्यावर रीप मारून तीच मंगलोरी कौलं. खर्च जास्त, पण गळणं थांबतं, उष्णता कमी, घराचं रूपही तेच. आणि माकडांसाठी हाच त्यातल्या त्यात इलाज, कौल फुटलं तरी खाली पाणी येत नाही. बाकी माकडांपुढे मी हात टेकलेत, घरोघरी कौलं जायचं खरं कारण तीच आहेत, पाऊस नव्हे. नवीन वासे घालायचे झाले तर आपल्याच आवारातला ऐन, किंजळ किंवा फणस असला तरी तोडायला परवानगी लागते, ते आधी काढा.

देवगडला खाडीजवळ घर बांधून बाराच वर्षं झाली, पोर्चच्या स्लॅबचा खालचा थर पडतोय, आतली सळी गंजून फुगलीय. मालच खराब दिला का?

माल, वाळू आणि कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर), बहुधा तिन्ही. खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर तिच्यातलं मीठ सळीला आतूनच खातं. दुसरं, आपल्याकडे गवंडी सगळीकडे १:२:४ घालतो, ते साधारण एम-१५ काँक्रीट होतं (एम पुढचा आकडा म्हणजे ताकद). काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६:२००० प्रमाणे किनाऱ्याच्या उघड्या हवेत निदान एम-३० आणि सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर पाहिजे. तुमच्या पडलेल्या खपलीची जाडी पट्टीने मोजा, दीड-दोन सेंटिमीटरच भरली तर उत्तर मिळालं. नुसतं प्लास्टर मारून झाकू नका, आत गंज चालूच राहतो आणि वर्षभरात तो थर परत खाली. सुटा भाग पाडून, सळी घासून, लागेल तिथे जोडसळी देऊन मग दुरुस्तीचं मिश्रण. आणि तोवर पोर्चखाली पोरांना खेळू देऊ नका, हे पहिलं.

सातबाऱ्यावर २३ नावं आहेत. घरपट्टी ४० वर्षं आम्हीच भरतोय. घर दुरुस्त करायला भावकीची संमती लागेल का?

आहे तेवढंच नीट करायचं, कौलं बदलायची, प्लास्टर करायचं तर सहसा नाही. पण नवीन खोली काढायची, परवानगीचा अर्ज करायचा तर लागेल, कारण घरपट्टी भरली म्हणजे मालकी आली असं होत नाही, कितीही वर्षं भरा. घर गावठाणात असेल तर स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देतायत, तुमच्या गावात झाली असेल तर त्यावर कोणाचं नाव लागलंय ते आधी बघा, हरकत घ्यायची तर वेळेत घ्या. संमतीपत्र करताना आत्या आणि बहिणींना वगळू नका, त्यांचाही हिस्सा आहे. गणपतीत सगळी येतात, तेव्हा कागद तयार ठेवा, पण आरतीनंतर लगेच नको, जेवण झाल्यावर काढा.