वाचकांचे प्रश्न : उंच टाचा आणि आपली चाल

प्रश्न : मी आजवर सपाट चपलाच वापरत आले आहे. दोन महिन्यांनी एका समारंभाचे निवेदन मला करायचे आहे आणि त्यासाठी मी १० सेंटिमीटर उंच, बारीक टाचेचे सँडल घेतले आहेत. घरात ते घालून चालून पाहिले, तर गुडघे वाकलेले राहतात, पाऊल पुढे घसरते आणि थोड्याच वेळात चवडे दुखू लागतात. सरावाने ही चाल जमते का, की ती काही जणींनाच जमते?

उत्तर : चाल सरावाने जमते, परंतु आपण लिहिलेल्या तीन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, आणि ती ओळखल्याशिवाय केवळ घरात येरझारा घालत राहिल्याने त्रासच पक्का होईल.

गुडघ्यांपासून सुरुवात करू. उंच टाचेवर सरळ उभे राहायचे, तर घोट्यातून पाऊल पुरेसे खाली वळावे लागते. घोटा तेवढा वळत नसेल, किंवा त्या स्थितीत शरीर पेलण्याइतकी पोटरीत ताकद नसेल, तर नडगी पुढे झुकते आणि तोल सांभाळण्यासाठी गुडघे वाकतात. म्हणून वाकलेले गुडघे हे बेढब चालीचे लक्षण नसून टाच आपल्या घोट्याच्या सध्याच्या आवाक्याबाहेर असल्याचे लक्षण आहे. भिंतीला बोटे टेकवून अनवाणी उभ्या राहा, गुडघे सरळ ठेवून चवड्यांवर चढा आणि टाच जमिनीपासून किती वर आली ते कोणाकडून तरी मोजून घ्या. ज्या उंचीवर आपण न डगमगता काही क्षण थांबू शकता, तीच आज आपल्याला झेपणारी उंची होय. हे मोजमाप प्रत्येकीचे वेगळे येते, कारण पावलाची लांबीही येथे महत्त्वाची ठरते : १० सेंटिमीटरची टाच लांब पावलाला जेवढा उतार देते, त्यापेक्षा कितीतरी तीव्र उतार आखूड पावलाला देते. सँडलचा चवड्याखालचा सोल जाड असेल, तर ती जाडी टाचेच्या उंचीतून वजा करावी. १२ सेंटिमीटरची टाच आणि ३ सेंटिमीटरचा पुढचा सोल असेल, तर घोट्याला ९ सेंटिमीटरच जाणवतात. उंची हवीच असेल, तर ती अशा रीतीने मिळवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मात्र फार जाड सोलवर जमिनीचा अंदाज येत नाही आणि पाय मुरगळण्याची भीती वाढते, हे लक्षात असू द्यावे.

पाऊल पुढे घसरणे हा बहुतांशी सँडलचा दोष असतो. सँडल घालून उभे राहिल्यावर टाचेच्या मागे बोट सहज शिरत असेल, तर माप मोठे आहे किंवा पाऊल धरून ठेवणारे काही त्यात नाही. घोट्याभोवतीचा किंवा पावलाच्या वरच्या बाजूचा पट्टा येथे खरोखर उपयोगी पडतो. सँडल टेबलावर ठेवून बाजूने न्याहाळा. जिथे आपली टाच विसावते तो भाग जवळजवळ सपाट असला पाहिजे. तोही घसरगुंडीसारखा उतरता असेल, तर सारे वजन चवड्यांवर येणार आणि बोटे पुढे चेपली जाणार. टाचेचा दांडा आपल्या टाचेच्या मध्याखाली येतो की पार मागच्या कडेला, हेही पाहा; तो मागे असेल, तर प्रत्येक पावलाला शरीर हेलकावते. शेवटी सँडल दोन्ही टोकांना धरून वाकवून पाहा. चवड्यापाशी तो वाकला पाहिजे. मध्येच, कमानीखाली वाकत असेल, तर तो आपला भार पेलणार नाही. या परीक्षेत सँडल नापास झाला, तर तो बदलून घ्यावा, कारण अशा सँडलची सवय करून घेण्यात अर्थ नाही. नवीन घेताना संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या वावराने पावले थोडी सुजलेली असतात आणि खरे माप तेव्हाच कळते.

चवड्यांच्या दुखण्याबद्दल मात्र मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. टाच जितकी उंच, तितके वजन पुढे सरकते, आणि कितीही सरावाने हा नियम बदलत नाही. चवड्याच्या किंचित मागे बसणारी सिलिकॉनची मऊ गादी लावल्यास वेदना उशिरा सुरू होतात, एवढेच. सराईत स्त्रियासुद्धा अशा सँडलवर मोजकाच वेळ उभ्या राहतात, येण्याजाण्यासाठी सपाट चपला जवळ बाळगतात आणि संधी मिळेल तेव्हा बसून घेतात. निवेदनाच्या कामात चालण्यापेक्षा उभे राहणे जास्त असते आणि ते चवड्यांना अधिक जड जाते. तेव्हा एक पाऊल थोडे पुढे ठेवून वजन अधूनमधून या पायावरून त्या पायावर घेण्याचा सरावही करावा.

दोन महिने हा पुरेसा काळ आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सँडल बाजूला ठेवून अनवाणी चवड्यांवर चढण्या-उतरण्याचा आणि एका पायावर तोल धरण्याचा व्यायाम रोज करावा. त्यानंतर चार-पाच सेंटिमीटरच्या रुंद टाचेवर, मग सहा-सात सेंटिमीटरवर, आणि तेथे गुडघे सरळ राहू लागले की त्याहून वर, असे चढत जावे. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरेत. पावले नेहमीपेक्षा आखूड टाकावीत. टाच आधी टेकवावी, पण तिच्यावर भार आपटू नये. टाचेपाठोपाठ लगेच चवडा टेकला पाहिजे. नजर पावलांवर खिळली की खांदे पुढे येतात आणि तोल बिघडतो, म्हणून ती समोर काही अंतरावर असावी. गुळगुळीत फरशी, गालिचा आणि वळणे या सर्वांवर चालून पाहावे, कारण सरळ रेषेत जमलेली चाल वळताना हमखास डगमगते. समारंभाच्या आठवड्यापर्यंत १० सेंटिमीटरवर गुडघे सरळ झाले नाहीत, तर सात सेंटिमीटरचे सँडल घालून निवेदन करावे. ताठ आणि निश्चिंत उभ्या असलेल्या निवेदिकेच्या टाचा कोणी मोजत नाही.

प्रश्न : कामाच्या ठिकाणी मी अनेक वर्षे उंच टाचा वापरते. आता सपाट चपला घातल्या की पोटऱ्या ओढल्यासारख्या होतात. हे कशामुळे होते?

उत्तर : टाच सतत उचललेली राहिली की पोटरीचे स्नायू त्या आखूड स्थितीशी जुळवून घेतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, उंच टाचा नियमित वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतील स्नायुतंतू आखूड झालेले आणि टाचेमागील कंडरा अधिक जाड व ताठ झालेली आढळली होती. त्यामुळे आपण एकाएकी सपाट चपलांवर येऊ नये. टाचेची उंची काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करावी. रोज पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, कठड्याला धरून, टाचा हळूहळू खाली सोडाव्यात आणि ताण जाणवताच तेथे थांबावे. वेदना टाचेच्या मागे एकाच जागी असेल, सकाळी अधिक असेल किंवा तेथे सूज असेल, तर ताणण्याचा व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : उंच टाचा घालून जिना उतरताना मला फार भीती वाटते. काही युक्ती आहे का?

उत्तर : ही भीती रास्त आहे. घोट्याच्या सांध्यातील हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल खाली वळलेले असताना त्याचा अरुंद भाग सांध्याच्या खाचेत येतो आणि घोट्याची पकड सैल पडते. अशा वेळी पाय बाहेरच्या बाजूला मुरगळायला निमित्त पुरते. म्हणून कठडा धरावा, शरीर किंचित तिरके ठेवावे आणि पूर्ण पाऊल पायरीवर बसेल असे टाकावे. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला आहे, त्यांनी तो पूर्ण बळकट होईपर्यंत बारीक टाच वापरू नये. टाचेच्या टोकावरचा रबराचा तुकडाही वरचेवर तपासावा. तो झिजून आतला खिळा उघडा पडला, तर गुळगुळीत पायरीवर सँडल सरकतो. हा तुकडा दुरुस्तीच्या दुकानात सहज बदलून मिळतो, आणि एका टाचेचा झिजला असेल तरी दोन्ही टाचांचे तुकडे एकदमच बदलावेत, म्हणजे दोन्हींची उंची सारखी राहते.