मेलबर्नच्या विद्यापीठात मराठी मंडळाचा कार्यक्रम आहे. सुरुवातीला मूळ रहिवाशांचा उल्लेख कोणी आणि कसा करायचा?

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘वेलकम टू कंट्री’ म्हणजे स्वागत. ते फक्त त्या भूमीच्या पारंपरिक समाजातले ज्येष्ठ किंवा त्या समाजाने परवानगी दिलेले त्यांचे प्रतिनिधीच करतात. त्यांना आधी रीतसर निमंत्रण आणि मानधन द्यावं लागतं. ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट’ म्हणजे त्या समाजाचा आदरपूर्वक उल्लेख मात्र कोणीही करू शकतं, तुमचा सूत्रसंचालकसुद्धा.

दीपप्रज्वलनाच्याही आधी, अर्ध्या मिनिटात चार वाक्यं पुरतात: आपण कोणाच्या भूमीवर जमलो आहोत, ही भूमी त्यांनी कधीच सोडून दिलेली नाही, पूर्वीच्या आणि आजच्या ज्येष्ठांना आदर, आणि सभागृहात कोणी अ‍ॅबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर (म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी) असतील तर त्यांनाही.

सर्वांत जास्त चूक नावात होते. पार्कव्हिलसाठी (मेलबर्न विद्यापीठाचा मुख्य परिसर) वुरुंजेरी वॉय वुरुंग समाजाचं नाव बरोबर, पण शहराच्या दक्षिणेकडे बुनुरोंग समाजाची भूमी आहे. या दोघांमधली अधिकृत हद्द 1 जुलै 2021 पासून बदलली, त्यामुळे जुन्या कार्यक्रमाचा मजकूर तसाच उचलू नका. नाव आणि उच्चार विद्यापीठाच्या इंडिजिनस विभागाला विचारा, मोठ्याने पाच-सहा वेळा म्हणून बघा. अडखळत, घाईत उरकलेला उल्लेख अनादरच वाटतो. आणि ‘इथे राहत असत’ असं भूतकाळात कृपया बोलू नका. ते लोक आजही तिथेच आहेत.