तापी-गिरणेत कोणी बुडत असेल तर पट्टीच्या पोहणाऱ्याने लगेच उडी मारावी का?

शक्यतो नाहीच. घाबरलेल्या माणसाला फक्त श्वास हवा असतो. तो वाचवणाऱ्याच्याच खांद्यावर चढतो आणि दोघंही खाली जातात. सख्खे भाऊ असे गेलेत हो!

काठावर पालथे पडून बांबू, दोर, साडी, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे टाका. हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅनही चालतो. एकाने ११२ हा आपत्कालीन नंबर लावावा. गिरणेत वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत, आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीचा जोर वाढतो.

उतरावंच लागलं तर कॅन सोबत न्या, तो त्याच्यापुढे ढकला, स्वतः लांब राहा. तरी मिठी बसलीच तर डुबकी मारा; वर राहण्याच्या धडपडीत तो बहुधा पकड सोडतो.